हिमोग्लोबिनचं निमित्त : शाळकरी मुलांसाठीचे दवाखाने कसे चालतात

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरची खिडकी कुठे, इंजेक्शन रूम कुठे, एक्स-रे कुठे, हे गावात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. त्याच इमारतीत, बहुतेक वेळा व्हरांड्याच्या टोकाला, आणखी एक खोली असते. दारावर 'मैत्री क्लिनिक' किंवा 'अर्श समुपदेशन केंद्र' अशी पाटी. ('अर्श' ही 'किशोरवयीनांचं प्रजनन आणि लैंगिक आरोग्य' याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, मूळव्याधीशी त्याचा संबंध नाही.) आत एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि भिंतीवर आहाराचे नाहीतर पाळीचे तक्ते. १० ते १९ या वयातल्या मुलामुलींसाठी सरकारने ठेवलेली ही खोली आहे आणि तिथे एक पैसा लागत नाही. तरी त्याच वयाची मुलं घरात असलेल्या बहुतेक आईबापांना ती कशासाठी आहे याचा पत्ता नसतो.

या वयाला वेगळा दवाखाना कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मुलं या वयात तशी धडधाकट असतात. गोवर-कांजिण्या मागे पडलेल्या, बीपी-शुगर अजून लांब. पण नववीतल्या एखाद्या मुलीला दर पंधरा-वीस दिवसांनी पाळी येतेय, सात-आठ दिवस जातेय, जिना चढताना धाप लागतेय असं धरा. तिने जायचं कुणाकडे? बालरोगतज्ज्ञाकडे गेली तर मांडीवरच्या तान्ह्या बाळांच्या रांगेत बसावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकावर बसलेली दिसली तर संध्याकाळपर्यंत गल्लीत चर्चा सुरू. सरकारी दवाखान्यात गेली तर केसपेपरच्या खिडकीतून पहिला प्रश्न येतो, "काय होतंय गं?" तोही काचेपलीकडून, म्हणजे मोठ्याने. मागे रांगेत आईच्या ओळखीच्या मावशी. मुलगी म्हणते, "डोकं दुखतंय." केसपेपरवर डोकेदुखी लिहिली जाते, पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या मिळतात आणि ती घरी जाते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. पण पैशांमुळे ती अडलीच नव्हती.

मुलगा असेल तर एवढंही होत नाही. तो दवाखान्यापर्यंत येतच नाही.

तीन योजना आणि त्यांची नेहमीची सरमिसळ

शाळा आणि आरोग्य म्हटलं की तीन-चार सरकारी योजनांची नावं कानावर पडतात आणि सगळ्या एकच वाटतात. शिक्षकांनाही वाटतात, त्यामुळे थोडं सोडवून सांगतो.

पहिली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३च्या फेब्रुवारीत तिची देशपातळीवरची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. वर्षातून एकदा जी गाडी शाळेत येते, मुलांना रांगेत उभं करून डोळे, दात, वजन, हृदयाचे ठोके बघते, ती हिची. पथकात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या शाखांचे, दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक महिला, शिवाय नर्स आणि औषधनिर्माता असतात. वय शून्य ते अठरा. हृदयाला छिद्र असलेलं, चष्मा लागलेला असून कुणाच्या लक्षात न आलेलं, ऐकू कमी येणारं मूल या गाडीमुळे सापडतं आणि पुढे पाठवलं जातं. काम चांगलं आहे. पण शंभर मुलांच्या रांगेत, वर्गमित्रांच्या देखत, मनातलं कुणी बोलत नसतं.

दुसरी, आठवड्याची लोहगोळी. शाळेत ठरलेल्या दिवशी मिळणारी निळी गोळी. हिच्यात आता ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं. सोबत वर्षातून दोनदा जंताची गोळी, अल्बेंडाझोल. निळ्या गोळीने मळमळतं, पोटात दुखतं, संडास काळी होते आणि एका वर्गात दोघांना उलटी झाली की अख्ख्या शाळेत 'गोळीने पोरं आजारी पडली' अशी बोंब होते. यातलं बरंचसं गोळी उपाशीपोटी घेतल्याने होतं, म्हणून ती खिचडी खाऊन झाल्यावर द्यायची असते. काळी संडास हा लोहाचा नेहमीचा परिणाम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीवर लगेच चहा प्यायला तर लोह नीट शोषलं जात नाही. एवढं मुलांना आधी सांगितलं तरी निम्मी बोंब थांबते. पण गोळीचे डबे येतात आणि हे सांगायचं राहून जातं.

तिसरी, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, ७ जानेवारी २०१४ पासूनचा. मैत्री क्लिनिक येतं ते याच्याखाली. खरं तर ही केंद्रं त्याच्या आधीपासून होती, 'अर्श' हे नाव तेव्हाचंच, आणि दवाखान्यातली माणसं अजून तेच म्हणतात. इतर राज्यांत नावं वेगळी : कर्नाटकात स्नेहा, पश्चिम बंगालमध्ये अन्वेषा. आधी भर फक्त प्रजनन आणि लैंगिक आरोग्यावर होता. २०१४ नंतर पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनं, अपघात-हिंसा आणि पुढे जडणारे मधुमेहासारखे आजार हेही त्यात आले. ही वाढ कागदोपत्री वाटते, पण माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच आहे. तिचं कारण समजायला अमेरिकेतला पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रसंग कामी येतो.

सेंट पॉलची शाळा

मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात १९७३ साली एका हायस्कूलमध्ये दवाखाना सुरू झाला. शाळेतल्या मुली गरोदर राहत होत्या, शिक्षण सोडत होत्या, म्हणून गर्भधारणा आणि लैंगिक आरोग्य एवढ्याचसाठी तो होता. डॉक्टर होते, औषधं होती, शाळेतच सोय होती. मुलं आली नाहीत. त्या दारातून जो आत जाईल तो कशासाठी चाललाय हे अख्ख्या शाळेला कळत होतं. मग चालवणाऱ्यांनी कामं वाढवली : खेळाडूंची शारीरिक तपासणी, लसी, नोकरीसाठी लागणारी तपासणी, वजनाबद्दलचा सल्ला. गर्दी वाढली आणि ज्यांच्यासाठी दवाखाना काढला होता त्या मुलीही त्या गर्दीतून येऊ लागल्या.

किराणा दुकानातून बाहेर पडणाऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कुणी विचारत नाही; देशी दारूच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्याला विचारावं लागत नाही. किशोरवयीनांच्या दवाखान्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. आत जायला चारचौघांत सांगता येईल असं कारण पाहिजे. आपल्याकडे असं सर्वांत चांगलं कारण म्हणजे हिमोग्लोबिन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के जणांना रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, असल्याचं आढळलं. म्हणजे 'मॅडमनी रक्त तपासायला सांगितलंय' हे कारण निम्म्याहून जास्त मुलींच्या बाबतीत खरंच असतं. आईला सांगता येतं, वर्गशिक्षिकेला सांगता येतं, मैत्रिणीला सोबत नेता येतं. बोटाला सुई टोचून दोन मिनिटांत आकडा मिळतो. १५ वर्षांपुढच्या मुलींना १२ आणि मुलांना १३ ग्रॅमच्या खाली आला तर रक्त कमी. तो का कमी आहे हे विचारता विचारता पाळीचा विषय आपोआप येतो, आणि मघाच्या मुलीला जे खिडकीत सांगता आलं नाही ते इथे न विचारताच निघतं.

मुरूम, चष्मा, उंची, वजन हीसुद्धा तशीच दारं. मुलग्यांना आत आणायचं तर वजन आणि व्यायाम. 'जिमला जायचंय, प्रोटीन पावडर घेऊ का' हा प्रश्न आजकाल कुठल्याही तालुक्यात ऐकू येतो आणि चांगला समुपदेशक त्यावर हसत नाही. नाहीतर मुलग्यांना सल्ला देणारे दुसरे बसलेलेच आहेत. लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुताऱ्यांत, 'गुप्तरोग', 'स्वप्नदोष', 'कमजोरी' अशा जाहिराती पिढ्यान् पिढ्या रंगवल्या जातात. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्याने ताकद जात नाही, हे एक वाक्य फुकट सांगणारं माणूस न भेटल्याने पोरं हजारो रुपये घालवतात आणि वर कित्येक महिने भीतीत काढतात.

आत काय बोलतात

समुपदेशक डॉक्टर असतोच असं नाही. मोठ्या रुग्णालयात त्या कामासाठी नेमलेली व्यक्ती रोज बसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एखादा दिवस ठरलेला असतो आणि वैद्यकीय अधिकारी किंवा सिस्टर ते काम बघतात. मुली 'ताई' म्हणतात, मुलगे 'सर'.

बोलण्याला एक क्रम असतो आणि तो जगभर जवळपास सारखाच शिकवला जातो. आधी घर : कोण कोण असतं, कुणाशी पटतं. मग शाळा : कुठला विषय आवडतो, कुठला नकोसा वाटतो. मग खाणं, झोप, रिकामा वेळ, मित्र, मोबाईल. त्यानंतर तंबाखू-मावा-दारू, त्यानंतर शरीर आणि आकर्षण, आणि शेवटी मन : झोप लागते का, सगळं नको नको वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का. सोप्याकडून अवघडाकडे. पहिल्याच मिनिटाला 'बॉयफ्रेंड आहे का' विचारलं की मुलगी खुर्चीच्या टोकावर सरकते, ती परत मागे टेकत नाही. अवघड प्रश्नही दुसऱ्याच्या खांद्यावरून विचारतात : "तुमच्या वर्गात मावा खाणारी पोरं आहेत का रे? तू कधी चाखून बघितलास?" शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, तरी टपरी कुठे आहे हे पाचवीतलं पोरगंही सांगतं. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर बहुधा खरं मिळतं.

जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारायचं असतं. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका झाल्यासारखी मुलं रडतात.

आई सोबत आलेली असेल तर? तिला बाहेर काढायचं नसतं, तसं केलं तर पुढच्या वेळी ती मुलीला पाठवणारच नाही. आधी दोघींशी बोलायचं, आईचं म्हणणं पूर्ण ऐकायचं आणि मग म्हणायचं, "आई, आता पाच मिनिटं मी हिच्याशी बोलते, इथे आम्ही सगळ्यांशीच असं बोलतो." या 'सगळ्यांशीच' शब्दावर बरंच काही निभावतं.

गुपित कुठपर्यंत

इथून गोष्ट खरोखर अवघड होते, आणि माहितीपत्रकांत ती एका ओळीत उरकलेली असते : 'तुमची माहिती गोपनीय राहील.'

बहुतेक बाबतीत राहते. पाळी, मुरूम, अभ्यासाचं टेन्शन, मित्राशी भांडण, सिगारेट ओढून बघितली, यातलं काही शाळेला किंवा घरी जात नाही. जीवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगावंच लागतं आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो. बोलायला कुणाची सही लागत नाही, पण ऑपरेशनसारखा मोठा उपचार म्हटला की १८च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते.

पेच पडतो तो मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यामुळे. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाच्या संमतीला अर्थ नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने राजीखुशीने ठेवलेले संबंधसुद्धा कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरतात. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं, नाहीतर कलम २१ प्रमाणे त्यालाच शिक्षा. डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक, कुणालाही सूट नाही. घरातल्या किंवा शेजारच्या माणसाकडून अत्याचार होत असलेल्या मुलीसाठी हे कलम जीवदान आहे, कारण पूर्वी अशा गोष्टी 'घरातच मिटवा' म्हणून दाबल्या जायच्या. पण वर्गातल्या मुलाबरोबर नको ते होऊन बसलेली, पाळी चुकलेली मुलगी हीच गोष्ट ऐकते तेव्हा ती दवाखान्याकडे फिरकत नाही. मेडिकलमधून कुणाकडून तरी गोळ्या मागवते आणि कधी कधी रक्तस्राव घेऊन रात्री दवाखान्यात येते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना मुलीचं नाव-ओळख देण्याची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पालकांची लेखी संमती मात्र अजून लागतेच. म्हणजे घरी सांगणं टळत नाही, पोलीस ठाण्यात नाव जाणं टळतं. ही सवलत ठाऊक नसलेले डॉक्टर अजूनही अशी केस पाहिली की पुढच्या रुग्णालयाकडे बोट दाखवतात, असं ऐकू येतं. माझं मत विचाराल तर समुपदेशकाने हे सगळं मुलीने काही सांगायच्या आधी सांगितलं पाहिजे. कबुली काढून घेऊन मग 'आता मला कळवावं लागेल' म्हणणं हा विश्वासघात आहे, कायद्याने तो बरोबर असला तरी.

शाळेत की शाळेबाहेर

अंतराचा विचार केला तर दवाखाना शाळेतच हवा. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो तो गाव ते शाळा एवढ्याच रस्त्याचा. रुग्णालय दोन थांबे पुढे असेल तर तिकीट काढावं लागतं. २०२३च्या मार्चपासून महिलांना ते अर्धं झालं खरं, पण अर्ध्यासाठीही आईकडे पैसे मागायचे म्हणजे कारण सांगणं आलं. शिवाय शाळा साधारण अकरा ते पाच आणि दवाखान्याची मुख्य ओपीडी सकाळची. गाठ पडणार कधी?

पण शाळेत केलं की दुसरी अडचण. तिथे ऐकणारं माणूस कोण असणार? २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. शिक्षकांवर आधीच जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं आहे, त्यात हे. ते सोडलं तरी, जो माणूस पेपर तपासतो आणि पालकसभेत बाबांना भेटतो त्याच्यापाशी मुलं मन मोकळं करतील का?

याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत आरोग्याचा तोच कार्यक्रम शिक्षकाने चालवला, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, त्याच कामासाठी शिकवलेल्या साध्या समुपदेशकाने, आणि काही शाळांत यातलं काहीच नव्हतं. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या, मुलांची उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुस्तिका तीच होती. तेव्हा शाळेची जागा आणि बाहेरचा माणूस ही जोडी मला सर्वांत पटते : मैत्री क्लिनिकच्या ताईंनी आठवड्यातून एक दुपार शाळेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत बसावं आणि दारावर 'उंची-वजन-रक्त तपासणी' लिहावं. यासाठी नवी इमारत लागत नाही, ताईंना प्रवासभत्ता वेळेवर लागतो.

विरोध होतो, तो धरूनच चालावं. २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावरून गदारोळ झाला तेव्हा तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. मुलांना माहिती दिली की ती बिघडतात ही भीती पालकांच्या मनात अजून आहे आणि तिच्यावर हसून काही होत नाही. पहिली पालकसभा रक्तक्षयावर घ्यावी, तीही आयांची. त्यांना स्वतःचं हिमोग्लोबिन बघायला मिळालं की मुलींना पाठवायला त्या फारशी खळखळ करत नाहीत.

जी मुलं शाळेतच नसतात त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्यात परत येतात. मागे वयात आलेल्या मुलीला एकटं ठेवायचं कसं, म्हणून तिला सोबत नेतात किंवा लग्न लावून देतात. तोडीच्या हिशोबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे लग्न झालं की उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही मिळते. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, हा त्याच पाचव्या सर्वेक्षणाचा आकडा. त्या मुलींसाठी दवाखाना कारखान्याच्या तळावर न्यावा लागेल. आश्रमशाळांचं उलटं आहे : मुलं चोवीस तास तिथेच असतात, पण बाहेर जाता येत नाही आणि आतलं प्रत्येक मोठं माणूस शाळेचंच असतं. तिथे महिन्यातून ठरल्या दिवशी बाहेरचा समुपदेशक येणं ही चैन म्हणता येणार नाही.

तुमच्या घरात या वयाचं मूल असेल तर जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन 'अर्शचे समुपदेशक कुठे बसतात, कुठल्या वारी, किती वाजता' एवढं विचारून या. खिडकीवर 'मैत्री' म्हटलं तर कधी कधी ओळखत नाहीत, 'अर्श' म्हटलं की हात करतात. मुख्याध्यापक असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन समुपदेशकाची शाळेतली भेट मागता येते. खोली निवडताना ऑफिसशेजारची नको आणि खिडकीतून मैदान दिसतं ती तर नकोच. जायला जमत नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांवरच्या संकटासाठी १०९८ हे दोन्ही फुकट क्रमांक आहेत. घरात फोन एकच असला तर कॉलच्या यादीतून नंबर कसा पुसायचा हेही मुलांना सांगून ठेवावं लागतं.